पत्ता घातलेली पंधरा कार्डं

आईला दमा होता. हे वाक्य मी पुढे इतक्या डॉक्टरांपुढे म्हटलं की त्यातला धसका केव्हाच निघून गेला. पण माझ्या लहानपणी आमच्या घरात हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. "तिला थंडी जरा सोसत नाही," एवढंच बाबा म्हणायचे, आणि तेही अशा सुरात की थंडीनेच जरा समजून घ्यायला हवं होतं. तेव्हाचं कोथरूड आजच्यासारखं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या मागे ज्वारीचं शेत होतं, त्याच्या पलीकडे ओढा, आणि दिवाळी संपली की त्या बाजूने अशी काही बोचरी हवा यायची की मागच्या दाराच्या फटीत आई जुनी लुगडी कोंबून ठेवायची. सकाळी सगळ्यांच्या परसात बंब पेटायचे. बंबात घालायची लाकडं, बंबफोड, ओली असली की धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरायचा आणि आईचा श्वास वाजायला लागायचा. त्या आवाजाचं वर्णन मला आजही नीट जमत नाही. दुधाच्या पातेल्याला उतू जाण्याआधी जो बारीक सुस्कारा सुटतो ना, तसा काहीसा. पहाटे जाग आली की मी आधी तो आवाज ऐकायची आणि मग डोळे उघडायची. आई भिंतीला टेकून, गुडघ्यांवर उशी घेऊन, उशीवर कोपरं टेकून बसलेली असायची. असे आमचे हिवाळे जायचे.

बाबा एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर, गेलेल्या प्रत्येक कागदाला नंबर, हे त्यांचं आयुष्यभराचं काम, आणि ते घरी येतानाही ते कचेरीत ठेवून येत नसत. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा नंबर होते. त्यांचं प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते होतं, पण ते नेहमी एखादी सूचना होऊन बाहेर पडायचं. मी नववीत होते त्या वर्षी दिवाळीतच आईला दोनदा इंजेक्शन द्यावं लागलं, तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, "हे बघा, मी गोळ्या वाढवत नेऊ शकतो, पण त्याला अंत नाही. हिवाळाभर यांना समुद्राकाठी ठेवा. गर्दीच्या ठिकाणी नको, एखाद्या शांत गावात. आता जाऊ द्या आणि होळीनंतर आणा. मध्ये बरं वाटलं तरी आणू नका." बाबा म्हणाले, "म्हणजे हवा हेच औषध?" डॉक्टर म्हणाले, "हो." "मग त्याचा डोस काय?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "होळीपर्यंत."

बाबांच्या कचेरीतल्या एकांची चुलतबहीण कोकणात, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका गावात राहायची. तिच्याकडची एक खोली आम्हाला मिळाली. आईला एकटीला पाठवायचं नाही, म्हणून मी सोबत जायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी वार्षिक परीक्षेला हजर राहण्याच्या अटीवर सोडलं. शेजारच्या काकू बॅगा बघून म्हणाल्या, "हवा खायला चाललात वाटतं? बरंय बाई. आम्ही आपले इथे पोळ्याच खातो." आई नुसती हसली. उत्तर द्यायला जेवढा श्वास लागतो तेवढा तिच्याकडे हिवाळ्यात शिल्लक नसायचा.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं आणि पंधरा पोस्टकार्डांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. प्रत्येकावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आमचा कोथरूडचा पत्ता घातलेला. मागच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात एक ते पंधरा असे नंबर, आणि खाली एकाखाली एक शब्द: झोप, खोकला, गोळ्या, भूक, इतर. प्रत्येकापुढे रेघ. "दर रविवारी एक भरायचं, सोमवारी पेटीत टाकायचं. जेवढं विचारलंय तेवढंच लिहायचं. वर्णनं नकोत." आई आतून म्हणाली, "अहो, मी लिहीन की. मला काय लिहिता येत नाही?" बाबा म्हणाले, "रुग्णाने स्वतःचा अहवाल स्वतः लिहायचा नसतो." मला त्या क्षणी फार मोठं झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं.

एसटीने घाट उतरलो, मग खाडी होडीतून ओलांडली, मग पुन्हा एक एसटी. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आता तिथेही होमस्टेच्या पाट्या लागल्यात असं ऐकते. नुकतीच खराडीला नोकरीला लागलेली माझी नात गेले तीन आठवडे माझ्या मागे लागली आहे. "आज्जी, अख्खा डिसेंबर! मी वर्क फ्रॉम होम टाकते. एक होमस्टे बघितलाय, एकदम शांत, समोर सी. तू नुसती बसून राहा." तिच्या फोनवर रोज सकाळी कोथरूडच्या हवेचा आकडा येतो आणि ती तो मला भविष्य वाचल्यासारखा वाचून दाखवते. मी तिला म्हटलं, मला समुद्र मानवत नाही. ती म्हणाली, "समुद्र न मानवायला तू काय साखर आहेस का, विरघळायला?" समुद्र मला मानवत नाही ही थाप मी इतकी वर्षं मारते आहे की आता घरात सगळे ती खरी धरून चालतात. ती थाप मला कुठून मिळाली, ते पुढे येईलच.

ज्यांच्याकडे आम्ही उतरलो त्या इंदूकाकू चाळिशीच्या, विधवा, सडपातळ आणि चालताना पळणाऱ्या. त्यांचं घर नारळी-पोफळीच्या वाडीत होतं आणि वाडी जिथे संपायची तिथे वाळू सुरू व्हायची. पहिल्या सकाळी मला जाग आली आणि मी सवयीने डोळे न उघडता आईचा श्वास ऐकायला गेले, तर तो ऐकूच येईना. मी घाबरून उठले. आई गाढ झोपली होती, आडवी, उशाची खिडकी सताड उघडी. तिला आडवी झोपलेली मी हिवाळ्यात कधी पाहिलीच नव्हती. बाहेर विहिरीवर रहाट करकरत होता, त्याची गाडगी एकामागून एक रिती होत होती आणि ते पाणी पाटातून पोफळींच्या मुळांशी जात होतं. त्या सगळ्याच्या मागे समुद्राची गाज, पण ती इतकी संथ की थोड्या वेळाने ऐकू येईनाशी व्हायची. थंडी होतीच, पण ती आमच्याकडच्यासारखी अंगावर येणारी नव्हती. एक पातळ चादर पुरायची. झावळ्यांवरून दव ठिबकायचं, ऊन चढायला लागलं की ओल्या मातीचा वास यायचा, आणि दुपारी तर वाळूवर कुणीच नसायचं. दोन-तीन होड्या उताण्या टाकलेल्या, दूरवर एखादं कुत्रं, बस्स. एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. शांतता ऐकायची असते हेही मला तिथेच कळलं.

इंदूकाकू सकाळी न्याहारीला मऊ भात करायच्या, वर मेतकूट आणि लोणकढं तूप, सोबत पोह्याचा भाजलेला पापड. पुण्यात आई सकाळी चहाशिवाय काही घेत नसे, कारण पोट भरलं की छाती दाटायची. इथे ती दुसऱ्यांदा भात मागून घ्यायला लागली. दुपारी वालाचं बिरडं, नारळाच्या दुधातलं, नाहीतर कुळथाची पिठी, आणि ताकात कालवलेला भात. "सावकाश जेव गो," इंदूकाकू आईला म्हणायच्या, "इथे कोणाची गाडी चुकत नाही." आठ-दहा दिवसांत त्या दोघींचं असं काही जमलं की विचारू नका. आई त्यांच्याबरोबर पाटाचं पाणी वळवायला जायची, लुगडं वर खोचून चिखलात उभी राहायची. सकाळ-संध्याकाळ ओल्या वाळूवरून चालायला जायची, आधी देवळापर्यंत, मग खडकापर्यंत, मग खडकाच्याही पुढे. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी खोलीत भूगोल वाचत बसले होते आणि बाहेरून कुणीतरी खदखदून हसलं. मी बाहेर येऊन पाहिलं तर आई. इंदूकाकूंनी काहीतरी सांगितलं होतं आणि आई विहिरीच्या काठाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. आईचं हसणं मला माहीत होतं ते ओठांपुरतं. मोठ्याने हसलं की तिला ढास लागायची, म्हणून ती ते टाळायची. तिचा हसण्याचा आवाज असा आहे हे मला वयाच्या चौदाव्या वर्षी कळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण मला आठवतो तो राग. ती माझ्याशी न बोलता हसत होती याचा राग, आणि ती आता आजारी माणसासारखी वागत नाही याचासुद्धा. आजारी आई माझी होती. तिला पाणी मी द्यायची, पाठ मी चोळायची, तिच्या गोळ्यांची वेळ मला पाठ होती. ही चिखलात उभी राहून गाणी गुणगुणणारी बाई कोण होती कुणास ठाऊक. मला त्या गावात मैत्रीण नव्हती, वाचायला पाठ्यपुस्तकांशिवाय काही नव्हतं, आणि सुंदर समुद्र चौदाव्या वर्षी तीन दिवस पुरतो. आज लोक त्या शांततेसाठी जीव टाकतात. मला ती तेव्हा खायला उठायची.

पाचव्या आठवड्यात शैलाचं पत्र आलं. शैला माझी बाकावरची मैत्रीण. तिने लिहिलं होतं की स्नेहसंमेलनासाठी बाईंनी स्वतः लिहिलेलं नाटक बसवायला घेतलंय, राणीचं काम शोभाला दिलंय, पण शोभा वाक्यं विसरते आणि बाई परवा म्हणाल्या, कुंदा असती तर. "तू संक्रांतीच्या आत आलीस तर काम तुझंच," असं शेवटी लिहून तिने त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. हे शेवटचं वाक्य बाईंचं नसून शैलाचं होतं, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसलं नाही. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. समुद्राकडे पाठ करून, पोफळींपुढे उभी राहून मी राणी व्हायची.

आता कार्डांविषयी. पहिली सहा कार्डं मी अगदी प्रामाणिकपणे भरली. आई खूपच सुधारली होती, पण बरी झाली नव्हती. आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे तिला खोकल्याची उबळ यायची, मग ती ओटीच्या पायरीवर जाऊन बसायची, इंदूकाकू तिची पाठ चोळायच्या. गोळ्या तीनांवरून एकावर आल्या होत्या. "पहिल्या वर्षी वेळच लागतो हो," इंदूकाकू म्हणायच्या. "शिमग्यापर्यंत थांबा, मग बघा. ओले काजू यायचेत अजून, ते खाल्ल्याशिवाय तर मी सोडायची नाही." सहाव्या कार्डावर मी लिहिलं होतं: खोकला, पहाटे थोडा. गोळ्या, एक. सातव्या रविवारी पहाटेही आईला उबळ आली, नेहमीपेक्षा जास्तच. मी अंथरुणात पडून ती ऐकली. सकाळी मऊ भात खाल्ला, हात धुतले, आणि सात नंबरचं कार्ड घेऊन बसले. झोप, गाढ. खोकला, नाही. गोळ्या, नाही. भूक, उत्तम. इतर, आई पूर्ण बरी आहे. लिहिताना माझा हात थरथरला वगैरे नाही. उलट अक्षर फार चांगलं आलं होतं. आठव्या कार्डावरही मी तेच लिहिलं. बाबांनी जेवढं विचारलं होतं तेवढंच.

आठवं कार्ड टाकल्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी बाबा दारात उभे राहिले. हातात छत्री आणि पिशवी, डोक्याला मफलर, त्या उबदार गावात. मी पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसले होते. आईने त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा आधी उजळला, मग विझला. "अहो, तुम्ही कसे अचानक?" बाबा म्हणाले, "अचानक कसला? कार्ड नंबर सात, कार्ड नंबर आठ. दोन आठवडे खोकला नाही, गोळी नाही. न्यायला आलो." आई म्हणाली, "पण होळीपर्यंत म्हणाले होते ना डॉक्टर?" त्यावर बाबांचं उत्तर तयार होतं. "बरं वाटल्यावरही औषध घेत राहणं याला चैन म्हणतात." इंदूकाकू पाणी घेऊन आल्या होत्या, त्यांना राहवलं नाही. "भाऊ, आता कुठे तिचा श्वास जरा घरी आलाय हो. एवढ्यात नका नेऊ." बाबा अतिशय अदबीने म्हणाले, "आपले उपकार आहेत. पण आमचंही घर आहे, श्वास तिथेही येईल. आम्ही दार उघडं ठेवू."

आईने तेव्हा माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी पाण्यातले पाय हलवत राहिले. मला वाटलं, आता ती बोलेल. परवाच पहाटे पायरीवर बसले होते म्हणेल, गोळ्यांची बाटली आणून दाखवेल. एवढं केलं असतं तरी बाबा एकटे परत गेले असते, तत्त्वाचा माणूस होता तो. ती म्हणाली, "कुंदाने लिहिलंय ते बरोबरच असणार," आणि आत जाऊन लुगड्यांच्या घड्या करायला लागली. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी एसटीत चढताना इंदूकाकूंनी आईच्या हातात अबोलीचा गजरा दिला आणि तोंड फिरवून त्या झपाझप चालत्या झाल्या.

शाळेत गेले तर बाई म्हणाल्या, "अगं, तू कशी काय? राणी शोभाच करते आहे, आता चांगलं बसलंय तिचं." मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "बरं असं कर, तू पडदा सांभाळ." पडदा ओढायच्या दोरीला घट्ट पिळाची गाठ होती, ती तळहाताला लागायची. संमेलनाच्या संध्याकाळी मी चार वेळा पडदा उघडला आणि चार वेळा बंद केला. शोभा एकही वाक्य विसरली नाही. घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आईला दवाखान्यात नेलंय बाळ. ओठ निळे पडले होते. ये, तू आमच्याकडे ये." त्यांनी माझ्यापुढे पोळीभाजी ठेवली. मी ती खाल्ली, हे मला अजून खुपतं. मला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आईपाशी नेलं. ती चार उशांना टेकून बसली होती, नाकात नळी, हाताला सलाईन, आणि तो श्वासाचा आवाज आता खोलीच्या दारातूनच ऐकू येत होता. डॉक्टर बाबांना सांगत होते की असं एका आठवड्यात होत नाही, तिकडे असतानाच त्रास चालू असणार, त्यावर गोळ्या एकदम तोडल्या असणार. गोळ्या आईने तोडल्या होत्या हे खरं होतं. निघताना बाबांनी विचारलं, गोळ्यांची बाटली घ्यायची का, तर ती म्हणाली, कशाला, आता लागत नाहीत ना. डॉक्टर गेल्यावर बाबांनी कोटाच्या खिशातून कार्डं काढली, दोऱ्याने बांधलेली, नंबरवार. त्यांनी सात नंबरचं कार्ड माझ्यापुढे धरलं. ते रागावले नव्हते. "कुंदा, यावर खोकला नाही असं आहे. गोळ्या नाहीत असं आहे. हे खरं आहे का?"

आईने हात वर केला. "तिला... नका विचारू," ती म्हणाली. प्रत्येक दोन शब्दांनंतर ती थांबत होती. "मीच सांगितलं... तसं लिही म्हणून." बाबा तिच्याकडे वळले. "तू? कशासाठी?" "कंटाळा आला होता... मला तिथे. घरी... यायचं होतं." बाबांनी कार्डं पुन्हा एकावर एक ठेवली, दोरा गुंडाळला, त्याची गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला. "मग तसं लिहायचंस," ते म्हणाले. "मी आलो असतो की. एवढं सगळं कशाला?" थोड्या वेळाने म्हणाले, "नको तर नको. पुढच्या वर्षी नाही पाठवायचो." आईने मान हलवली. मी तिच्या पायाशी उभी होते. खोटं बोलून तिने मला वाचवलं, आणि त्याच वाक्याने स्वतःचा समुद्र कायमचा घालवला, हे मला तिथल्या तिथे कळलं. उशिरा कळलं असं म्हणायची सोय नाही. मी गप्प बसले.

ती वाचली. घरी आल्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने बंब परसातून उचलून भंगारात दिला आणि त्यानंतर आमच्याकडे पाणी स्टोव्हवर तापलं. रोज सकाळ-संध्याकाळ ते स्वतः तिला वाफारा द्यायचे. पातेलं, निलगिरीचे थेंब, टॉवेल, सगळं घड्याळ लावून. पण हिवाळा आला की त्यांची खंत बाहेर पडायची. आलेल्या-गेलेल्यांना सांगायचे, "समुद्राचा कंटाळा येणारी बाई जगात एकच, ती आमच्याकडे." आई हसायची, पुन्हा तेच ओठांपुरतं. इंदूकाकूंचं दर वर्षी पत्र यायचं, या म्हणून. आई उत्तरात लिहायची की घर सोडवत नाही. कधी एसटीतून कुणाबरोबर तरी ओल्या काजूंची पुडी यायची, तेव्हा आई ते सोलायला बसायची आणि बोटं काळी करून घ्यायची. मी पुढे कॉलेजात गेले, माझं लग्न झालं, बाळंतपणाला माहेरी आले. दर हिवाळ्यात मी ठरवायची की या वर्षी बाबांना खरं सांगायचं, आणि दर हिवाळ्यात काहीतरी कारण काढायची. शेवटी अशी थाप जुनी झाली की ती मोडायला भीती वाटते, घर तिच्यावरच उभं असल्यासारखं.

आईचा शेवटचा हिवाळा मी कोथरूडलाच होते. मागच्या ज्वारीच्या शेतात तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि आमच्या गॅलरीत ऊन यायचं ते फक्त दुपारी, तासभर. त्या तासात आई तिथे खुर्चीवर बसायची. एक दिवस मी तिच्या पायांना तेल चोळत होते आणि मला एकाएकी असह्य झालं. मी म्हटलं, "आई, मी आज बाबांना सांगणार आहे. तू मला काही लिहायला सांगितलं नव्हतंस. मी खोटं लिहिलं."

"कार्ड उघडं असतं गं," ती म्हणाली. "मी दोन्ही वाचली होती. तू पेटीत टाकायच्या आधी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलणार होते." ती थांबली. श्वास गोळा करायला तिला तेव्हा असं थांबावंच लागायचं. "तू रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभी राहायचीस, खाडीकडची, पुण्याच्या वाटेची गाडी जायच्या वेळेला. मी बघायची. म्हटलं, पोर झुरतेय."

"पण तुला कंटाळा आला होता का तिथे? निदान थोडा तरी?" मला तिच्याकडून काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. थोडा आला होता, एवढं जरी ती म्हणाली असती तरी माझं ओझं हलकं झालं असतं.

तिने पाय माझ्या हातातून सोडवून घेतले. मग म्हणाली, "मला परत यायचंच नव्हतं, कुंदा. ह्यांच्यासाठी नाही, तुझ्या शाळेसाठी नाही, कुणासाठीच नाही. रोज सकाळी उठायची आणि वाटायचं, तुम्ही दोघं नसतात तरी चाललं असतं." पुन्हा थांबली. "फार भीती वाटली मला त्याची. मग तुझं कार्ड वाचलं. म्हटलं, बरं झालं. न्यायला येतील."

आतून बाबा वाफाऱ्याचं पातेलं दोन्ही हातांनी धरून हळूहळू आले. आता त्यांचेही हात हलायचे, पाणी काठावरून सांडत होतं. "काय चाललंय मायलेकींचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "यंदा थंडी जरा जास्त आहे, म्हणत होते." आणि तिने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला.